बेळगावात बसून लिहिण्याचे पैसे कोण देतं?

शाईचं बोट (शहापूर, बेळगाव) · 9 जून

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबण लागेल.

खडेबाजारातल्या एका छापखान्यात मी चौदा वर्षं होते. डीटीपी माझं, प्रूफही माझंच. मार्चमध्ये मालकांनी मशीन विकलं. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्यापासून ते तसंही दिवसाआडच चालायचं. दोन महिन्यांचा पगार राहिला होता, त्याच्या बदल्यात जुना कॉम्प्युटर आणि श्रीलिपीचं (छापखान्यातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) डोंगल मिळालं. रिक्षात घालून घरी आणलं तर नवरा म्हणतो, "लॉटरीच लागली की गं." तो उद्यमबागला फौंड्रीत आहे, मुलगा नववीत. मला साहित्यिक व्हायचं नाही, हे आधीच सांगते. मला महिन्याला बारा हजार पाहिजेत. छापखान्यात मिळायचे तेवढेच.

या तीन महिन्यांत काय काय केलं ते लिहिते, म्हणजे कुणी पुन्हा तेच सुचवणार नाही.

पेपरच्या पुरवणीत दोन लेख आले. एक खासबागच्या विणकरांच्या मागांवर, एक मांडे करणाऱ्या बायकांवर. मानधनाचं विचारलं तर पलीकडून उत्तर, "नाव छापलंय की, बाई." गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला कथा दिली होती. अंक पोस्टाने आला, आत चिठ्ठी, "मानधन लवकरच". आता पुढची दिवाळी यायला आली. मग पुण्याच्या एका वेबसाइटने 'नमुना' म्हणून तीन लेख फुकट लिहून घेतले आणि फोन उचलायचा बंद केला. त्यातला एक लेख मला परवा त्यांच्याच साइटवर सापडला, खाली भलतंच नाव.

शेवटी एक काम खरंच पैशाचं मिळालं. शब्दाला 15 पैसे. म्हणजे हजार शब्दांचे दीडशे रुपये. विषय केसगळती. 'केसगळतीवर कांद्याचा रस' हे शब्द लेखात बारा वेळा यायला पाहिजेत, गूगलला तसं आवडतं म्हणे. चौदा वर्षं मी लोकांच्या मजकुरातली पुनरुक्ती खोडत आले, आता ती मोजून घालायची. पाच तास गेले त्यात. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली तेव्हा आमच्या छापखान्यात पेढे वाटले होते. अभिजात भाषेचा भाव शब्दाला 15 पैसे, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

मला येतं काय ते सांगते. मराठी शुद्धलेखन पक्कं आहे, ह्रस्व-दीर्घासाठी कोश उघडावा लागत नाही. टायपिंग जलद, श्रीलिपी आणि युनिकोड दोन्ही. कन्नड बोलते आणि वाचते, लिहायला मात्र अर्जापुरतं. वडील मागावर होते, गल्लीत निम्मे कन्नड, त्यामुळे भांडण दोन्ही भाषांत करता येतं. इंग्रजी वाचून समजतं.

आता प्रश्न असा की लिहिण्याचे पैसे देणारी माणसं असतात कुठे? पुण्या-मुंबईलाच जावं लागतं का त्यासाठी? आणि दर किती सांगायचा? दर विचारला की माझा आवाजच बारीक होतो.

तंबाखूची वखार (निपाणी) · 9 जून

ताई, सगळी दारं ठोठावलीत पण मराठी वाचणाऱ्यांची. तिथं लिहिणारे हजार आहेत, फुकट लिहिणारे त्याहून जास्त. तुमच्या यादीत कन्नड शेवटाला आलंय, भांडणाच्या नावावर. माल तोच आहे तुमचा.

माझं सांगतो. मी वखारीत कारकून होतो. सांगलीकडचा एक ठिबकवाला डीलर आमच्याकडं यायचा. त्याची पत्रकं मराठीत. निपाणीत चालली, पुढं रायबागला गेला तर शेतकऱ्यानं पत्रक उलटं धरलं. मला म्हणाला, तेवढं कन्नड करून द्या की. माझं कन्नड तुमच्यासारखंच, बोलण्याचं. म्हणून चुलतभावाला धरलं, तो चिक्कोडीला कन्नड शाळेत शिकलाय. मी अर्थ सांगायचा, त्यानं वाक्य करायचं. तेव्हापासून एक नियम पाळतो: आपल्या भाषेत येणारं काम आपण करायचं, दुसरीकडं जाणारं त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडून लिहून घ्यायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. अर्धवट कन्नड लिहून दिलं की एकदा खपतं, दुसऱ्यांदा ते गिऱ्हाईक येत नाही.

वर्षभरात उलटीकडून काम यायला लागलं. धारवाड-हुबळीच्या बियाणं-खतवाल्यांना इकडं मराठीत पत्रक लागतं. त्यातलं एक माझ्याकडं दुरुस्तीला आलं, आधी कुणीतरी केलेलं. शेवटी लिहिलेलं, "अनुमान असल्यास संपर्क साधा." मला आधी कळेना. मग कन्नड काढून बघितलं तर मूळ वाक्य, "अनुमानविद्दरे संपर्किसि". कन्नडात अनुमान म्हणजे शंका! अक्षरं तीच, अर्थ दुसरा. असे शब्द दोन्ही भाषांत राहिलेल्या माणसालाच दिसतात. मशीनला कधी दिसतात, कधी नाही, आणि कधी दिसले नाहीत हे मशीन सांगत नाही.

कुठं विचारायचं म्हणाल तर पुण्याला जायचं कारण नाही. तुमच्या शहापूर-वडगावात सहकारी सोसायट्या (पतसंस्था) मोजा. मार्चअखेर वर्ष संपतं, मग ऑडिट, सप्टेंबरात वार्षिक सभा. म्हणजे अहवाल जुलै-ऑगस्टात छापायला जातो. सभासद मराठीही आणि कन्नडही. छापखान्यात ह्या अहवालांची प्रूफं तुम्ही डोळे मिटून वाचली असतील. पण मजकूर कोण लिहितं? सेक्रेटरी गेल्या वर्षीचा काढतो आणि आकडे बदलतो. मी एका अहवालात "यंदा कोरोनामुळे" हे 2023 साली वाचलंय.

दुसरं म्हणजे पाट्या. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं. त्याचं राजकारण बाजूला ठेवा, त्यावर इथं दुसरे धागे आहेत आणि मी तिथंही बोललोय. पण दुकानदार पेंटरकडं जातो आणि पेंटर म्हणतो मजकूर आणा. 'सौभाग्य वस्त्रालय' सोपं आहे हो, 'येथे जुन्या साड्यांना फॉल-पिको करून मिळेल' हे कन्नडात नीट लिहून द्यायला माणूस लागतो. एकेका पाटीचे दोनशे मिळतात. पैसे थोडेच, पण चार पेंटर तुमचा नंबर ठेवतात.

दर. मी मूळ मजकुराच्या शब्दावर घेतो, कन्नड-मराठी दीड रुपया. पाट्या सोडल्या तर काम कितीही लहान असो, पाचशेच्या खाली हात लावत नाही. नवी पार्टी असली की अर्धे विसार म्हणून आधी. आवाज बारीक होत असेल तर फोनवर सांगूच नका, व्हॉट्सॲपवर लिहा. लिहिताना कुणाचा आवाज बारीक होत नाही.

आणि बिल द्या, साध्या कागदावर, पॅन नंबर घालून. कोल्हापूरच्या पार्टीनं मला पहिल्यांदा 10 टक्के कापून पैसे दिले तेव्हा मी भांडायलाच निघालो होतो. तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारात भरलेला आयकर. तो आयकराच्या साइटवर आपल्या पॅनवर जमा दिसतो, उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. मला मिळाला. पॅन दिला नाही तर मात्र 20 टक्के कापतात. जीएसटीची भीती कुणी घालेल, की पार्टी महाराष्ट्रातली, तुम्ही कर्नाटकात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर राज्याबाहेर बिल पाठवलं म्हणून नोंदणी लागत नाही. आपले 20 लाख होतील त्या दिवशी बघू.

शाईचं बोट · 10 जून

दादा, तुमचं वाचून रात्री झोप नाही. अहवालांचं अगदी खरं. एका सोसायटीच्या मराठी अहवालात दरवर्षी 'आढावा पत्रक' छापलं जायचं. मी चार वर्षं प्रूफात 'ताळेबंद' करायचे आणि सेक्रेटरी परत 'आढावा पत्रक' करून पाठवायचे. आत्ता डोक्यात प्रकाश पडला: कन्नडात ताळेबंदाला 'अढावे पत्रिके' म्हणतात! त्यांनी शब्द उचलून मराठीत ठेवला होता. मला वाटायचं ते हट्टी आहेत.

पण दीड रुपया जास्त होत नाही का हो? एकदम 15 पैशांवरून?

तंबाखूची वखार · 10 जून

अनुमान असल्यास संपर्क साधा.

जांबोटीकर · 11 जून

मी खानापूर तालुक्यातला, पुण्यात चार वर्षं कंटेंटमध्ये काढून लॉकडाऊननंतर गावी आलो. नेट पावसात जातं, बाकी बरं चाललंय. वखारवाले दादा म्हणतात ते पटतं, पण ऑनलाइन सगळंच वाईट असं समजू नका, अक्का. तुम्ही फक्त तळातल्या मजल्यावर गेलात. केसगळतीचा मजला. तिथे आता माणसाला कुणी घेणारही नाही, ते लेख मशीन लिहितं.

नमुन्याचं सांगतो. नमुना द्यावा, पण आपण निवडलेला, आधीच लिहिलेला. तुमचा मागांवरचा लेख आहे ना, तोच पाठवायचा. त्यांच्या विषयावर नवीन हवं असेल तर दोनशे शब्द, पुढचं पैशाचं. तीन अख्खे लेख फुकट मागणारा माणूस नमुना मागत नसतो, लेख मागत असतो. मी अशा एका ठिकाणी सात दिले होते, त्यामुळे तुमच्यापेक्षा अनुभवी आहे.

परदेशी साइटवर प्रोफाइल करायचा असेल तर मराठी लेखक असं लिहू नका, तिथे मराठी लेखक शोधायला कुणी येत नाही. इंग्रजी-मराठी, कन्नड-मराठी अनुवाद आणि प्रूफ असं लिहा. फायव्हर तुमच्या कमाईतले 20 टक्के घेतं, ते धरून दर लावा. मला पहिलं काम यायला साडेतीन महिने लागले आणि ते एका औषधाच्या डबीवरच्या सूचनांचं होतं, 90 शब्द.

सध्या सगळ्यात जास्त येणारं काम सांगू? "एआयने काढलंय, फक्त एक नजर टाका." ही नजर सगळ्यात महाग लावा. एक नजर म्हणून घेतलेलं पहिलं काम मी अख्खं नव्याने लिहिलं आणि पैसे नजरेचे मिळाले. आता आधी दोन पानं बघतो. त्यात 'आपण आपला अनुभव पुढील स्तरावर न्या' छापाची वाक्यं असतील तर अनुवादाचाच दर सांगतो, तपासणीचा नाही. तुम्ही प्रूफवाल्या, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर दिसेल.

करारही वाचत जा. मी एका ऑडिओ कंपनीला गोष्ट दिली, करारात 'जगभर, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत'. वाचला नव्हता. नंतर एका वकील मित्राकडून कळलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. माझ्या करारात दोन्ही लिहिलेलं होतं, तेव्हा माझी गोष्ट गेली. तुमची जाऊ नये.

आणि कन्नड कथा अनुवाद करून पाठवायचा मोह होईल, मला झाला होता. लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागते. लेखक जाऊन 60 वर्षं व्हायच्या आत तरी.

मोडीवाचक (टिळकवाडी) · 11 जून

बाई, एक लहानशी भर. या भागातल्या जुन्या घरांत मोडीतले कागद आहेत. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं. पत्र्याच्या ट्रंकेत, हळदीच्या डागासकट. वाटणीचा वाद निघाला किंवा कुळाचा इतिहास काढायचं मनात आलं की ट्रंक उघडते आणि घरात कुणालाच वाचता येत नाही.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर कोल्हापूरला मोडीचा वर्ग केला. आठवड्याला दोन-तीन कागद येतात. पानाला तीनशे घेतो, अक्षर वाईट असेल तर पाचशे. तुम्हाला शुद्धलेखन पक्कं येतं म्हणता, ते इथे आधी विसरावं लागेल. मोडीत ह्रस्व-दीर्घ नाही, शब्द सुटे नाहीत, रेघ आधी ओढलेली आणि अक्षरं तिला लोंबकळलेली. सहा महिने रोज तासभर दिलात तर 'बिन' (म्हणजे अमक्याचा मुलगा) कुठे आणि 'मौजे' (म्हणजे गाव) कुठे एवढं डोळ्याला कळू लागेल. 'बिन' वाचता आलं नाही तर बाप मुलगा होतो आणि वाटणी उलटी बसते.

एकच सांभाळा. जे आहे ते देवनागरीत उतरवून द्यावं, न वाचलेल्या जागी टिंबं द्यावीत. अर्थ काय, हक्क कुणाचा, हे सांगायच्या भरीस पडू नये. मी एकदा पडलो. दोन भावांनी मला चहाला बोलावणं सोडलं.

कॅम्पातली बाई · 13 जून

अगं, पैसे देणारी माणसं कुठे असतात म्हणतेस? आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. आजूबाजूच्या गावांत घराघरात निवृत्त फौजी. त्यातले बरेच आता पंचाहत्तरीच्या पुढे, मुलं-सुना चांगल्या पगाराच्या, आणि सगळ्यांना वाटतं की आजोबांचं लिहून ठेवलं पाहिजे. लिहिणार कोण? मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून चार पुस्तकांचं शब्दांकन केलं. 'शब्दांकन' हाच शब्द वापर, लेखिका म्हणू नकोस. आजोबांना वाटायला हवं की पुस्तक त्यांचं आहे, आणि असतंच ते.

पहिले एक सुभेदारसाहेब होते. सहस्रचंद्रदर्शनाला दोनशे प्रती वाटायच्या होत्या. मुलाने मला सांगितलं, 71 च्या लढाईवर भर द्या. मी पहिल्याच दिवशी फोन रेकॉर्डिंगला लावला आणि 71 चं विचारलं. साहेबांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, खाली ठेवला आणि म्हणाले, "ते सोडा." दुसऱ्या दिवशीही तांब्या. तिसऱ्या दिवशी मी काहीच विचारलं नाही, त्यांच्या बायकोबरोबर शेंगा सोलत बसले. तर हे स्वतःहून खेचराचं सांगू लागले. वर डोंगरात सामान वाहणारं खेचर, त्याचं नाव, त्याच्या डाव्या कानाला कशी खाच होती, ते कुठे घसरलं. चाळीस मिनिटं. त्या खेचराच्या मागून लढाई आपोआप आली. त्या पुस्तकात लढाईचं प्रकरण सहा पानांचं आहे आणि खेचराचं अकरा. मुलगा जरा नाराज होता. साहेबांनी वाचून घेतलं आणि तांब्या मागितला.

तर हिशोब. पंचवीस हजार, तीन हप्त्यांत. पहिला सुरुवातीला, दुसरा कच्चा मजकूर हातात दिल्यावर, तिसरा छापायला जाण्याआधी. छापून झाल्यावर मागायचा ठेवू नकोस, तोवर घरात लग्न निघतं नाहीतर बोअर मारायची निघते. बैठका किती ते आधीच ठरव, दहा-बारा. नाहीतर दर रविवारी जेवायला बोलावतील आणि प्रत्येक जेवणात एक नवीन प्रसंग आठवेल. जेवण छान असतं, पण पुस्तक संपत नाही.

तुझ्याकडे डीटीपी आहे, ते मला बाहेरून करून घ्यावं लागतं. लिहून, पानं लावून, प्रूफ वाचून छापखान्याला पीडीएफ द्यायची, हे सगळं एका हाताने करणारी बाई मला तरी कॅम्पात माहीत नाही. या जुलैत माझ्याकडे एक हवालदार आजोबा आहेत, गुडघ्यामुळे मला बैठकीला त्यांच्या गावी जाववत नाही. तू जाशील का? हप्त्यांचं आपण दोघींत ठरवू. निरोप टाकते.

शाईचं बोट · 2 ऑगस्ट

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, रागावू नका. काय काय झालं ते सांगते.

आधी फजिती. मी मागच्या वर्षीचा एका सोसायटीचा अहवाल घेतला, लाल पेनने चुका काढल्या. 24 पानांत 43. तो घेऊन थेट ऑफिसात गेले आणि सेक्रेटरींच्या टेबलावर उघडून ठेवला. मला वाटलं, बघून खूश होतील. समोर कॅशियर, दोन सभासद, पिग्मीवाला, सगळे वाकून बघायला लागले. सेक्रेटरींचा चेहरा लाल पेनासारखाच झाला. म्हणाले, "आमचे चेअरमन स्वतः वाचतात, बाई." मी अहवाल उचलून पिशवीत घातला. छापखान्यात चुका दाखवण्याचे पैसे मिळायचे, बाहेर तसं नसतं, हे चौदा वर्षांत कळायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या सोसायटीत पेन नेलंच नाही. चेअरमनसाहेबांचं मनोगत यंदा दोन्ही भाषांत घेऊया का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, मनोगत म्हणजे मला बोलता येतं, लिहिता येत नाही. कॅम्पातल्या बाईंचं आठवलं. फोन रेकॉर्डिंगला लावला आणि सोसायटी सुरू झाली तेव्हा ऑफिस कुठे होतं ते विचारलं. एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर! ठेवीच्या पावत्यांवर पीठ बसायचं, झटकून द्यायचे. हे आजवरच्या एकाही अहवालात आलं नव्हतं. यंदा पहिल्या परिच्छेदात आहे.

दर व्हॉट्सॲपवर लिहिला. अख्खा अहवाल, दोन्ही भाषा, पानं लावून, 9,000. पाठवून फोन उलटा ठेवला आणि भाकऱ्या थापल्या. सात भाकऱ्या झाल्यावर बघितलं तर "ओके", आणि खाली फोनपेवर 3,000. दादा, विसार! कन्नडासाठी गल्लीतल्या एका बाईंना धरलंय, कन्नड शाळेत शिकवतात, त्यांचे 2,500. ताळेबंदाचा ताळेबंदच राहिला आहे.

पाट्यांची पाच कामं झाली. एका पेंटरने माझा नंबर त्याच्या डब्यावरच रंगवून ठेवलाय. हवालदार आजोबांच्या चार बैठका झाल्या, ते खेचरावर नाही, स्वयंपाकघरावर आहेत. दोनशे माणसांची डाळ कशी परततात ते तीन वेळा सांगितलंय. मोडीचं मात्र जमलं नाही अजून, काका. वही आणलीय, रेघा ओढून झाल्यात, अक्षरं लोंबकळायची बाकी आहेत.

जूनमध्ये सगळं मिळून 1,900 झाले, जुलैत 11,400. त्यात 15 पैशांचं काही नाही. दिवाळी अंकाची चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवलीय.

आता काम अडलंय ते सांगते, म्हणूनच खरं तर आज लिहायला बसले. सेक्रेटरींनी गेल्या वर्षीच्या कन्नड अहवालाची फाइल पाठवली, त्यातली कोष्टकं पुन्हा टाइप करायला नकोत म्हणून. ती नुडीत आहे, म्हणजे कन्नड टायपिंगच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. माझ्याकडे उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं दिसतात. श्रीलिपीचं युनिकोड मला करता येतं, रफार आणि 'ऱ्य' कुठे तुटतात तेही माहीत आहे, पण नुडीचं कधी केलं नाही. कन्नडातले ओत्ताक्षर (जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं) मोडले तर मला पटकन दिसणारही नाहीत. मंगळवारी सकाळी पानं द्यायचीत. कुणाला येतं का?

तंबाखूची वखार · 2 ऑगस्ट

पाठवा. चुलतभाऊ घरीच आहे, रात्री बसतो. तुमच्याकडच्या मास्तरीणबाईंना मात्र एकदा ओळ न् ओळ वाचायला लावा, बदलताना आकड्यांची जागा सरकते. ठेवींच्या कोष्टकात सरकली तर सभेत पाणी पाजतील.